अंजिरी लुगड्याचा पट्टा

"रोज रोज काय ओ आजी ह्यो लाडू! मेथीनं तोंड निस्तं कडूजहर झालंय. आजच्या दिस नको की."

कुडाच्या पलीकडून सुनेची कुरकुर आली आणि अलीकडे जात्यापाशी बसलेल्या सरूबाईचा हात खुंट्यावरच थांबला. कुड असा पातळ, की गीतानं तिकडे घास या गालातून त्या गालात सारला तरी इकडे कळावं.

"मुकाट्यानं खा," साखरबाईनं नातसुनेला दटावलं. "तोंडासाठी नसतो ह्यो लाडू, कंबरंसाठी असतो. आन् पाय पोटाशी घे. दारातनं वारा येतोय, कळत न्हाई का? कानाचं फडकं कुठं गेलं?"

सरूबाईनं जात्याच्या तोंडात मूठ रिकामी केली आणि जातं असं गरकन फिरवलं, की निम्मे दाणे भरडच बाहेर पडले.

नको म्हणते!

त्या लाडवांतला डिंक हौसरावानं जेठात शिरूरच्या बाजारातून आणला होता, आणि तो काही गीतासाठी आणलेला नव्हता. गीताचं पहिलं बाळंतपण माहेरी, दौंडला, व्हायचं ठरलेलं. डिंक होता सरूबाईसाठी. पण तसं कुणी बोललं नव्हतं. हौसरावानं पुडी कोनाड्यात ठेवली आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला, "घरात असावा डिंक." त्याची आई साखरबाईही म्हणाली, "असावा." आणि उंबऱ्याला जिचं पोट आधी आणि ती मागून पोचायची, त्या सरूबाईनं खाली मान घालून खारका फोडल्या. लेकाचं लग्न झालेलं, सून पोटुशी आणि सासूही पोटुशी! मांडवगण गावाला हसायला तेवढं पुरलं. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "सरूबाई, बाज एकच टाकायची का दोन?" लेक आनंदराव दौंडला रेल्वेत फिटरच्या हाताखाली होता. आईचं पोट दिसायला लागल्यापासून तो घरी आला, की आईशी बोलताना तुळईकडे बघून बोलायचा. पोरगं लाजलं होतं, त्यात त्याचा काय दोष? दोष असलाच तर तुळईकडे न बघणाऱ्या त्याच्या बापाचा.

लाडू सरूबाईनंच वळले. मेथीही तिनंच मापली. तिला कडूच आवडायचा. मग आखाडात तिला मुलगी झाली. झाली, पण रडली नाही. सुलतानबी सुईणीनं तिला पायांना धरून उलटी केली, पाठीत थापट्या मारल्या, नाकातोंडात फुंकर घातली, आणि मग हळूच फडक्यात गुंडाळून ठेवली. हौसराव तिला नदीकडच्या बाभळीखाली निजवून आला आणि अंघोळ करून ओट्यावर बसला. तेव्हापासून घरात त्या गोष्टीला शब्द नाही. गाव तेवढं एक वाक्य बोललं, "सुटली बिचारी."

सरूबाईच्या वाट्याला त्या डब्यातले दोन लाडू आले. मग भीमेला पूर आला, दौंडकडे नेणारी होडी बंद झाली, आणि गीताला दिवस भरायच्या आतच कळा लागल्या. मुलगा झाला. डबा त्या खोलीत गेला. बाज गेली, बाजेखालची शेगडी गेली, ओव्याशेपाची धुरी गेली. आणि पट्टा गेला.

पट्टा म्हणजे साखरबाईचं जुनं अंजिरी लुगडं. उभं फाडलेलं, पदरावर पदर घालून घडी केलेलं, आणि धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं, की हातात असलं तरी आहे की नाही ते बघायला लागावं. रंग आता राखेचा. अंजिरी म्हणायचं ते जुन्या ओळखीनं. या घरातल्या प्रत्येक बाळंतिणीचं पोट त्यानंच बांधायचं. त्यानं बांधलेलं पोट सुटत नाही, कंबर धरत नाही, अंग जागच्या जागी बसतं, असा साखरबाईचा भरवसा. आणि साखरबाईच्या भरवशापुढं कुणाचं चालत नसे. आनंदरावापासूनच्या सगळ्या बाळंतपणांत सरूबाईचं पोट त्यानं धरलं होतं. याही वेळी बांधला होता. पण गीताच्या कळा वाढल्या त्या सकाळी साखरबाई सरूबाईच्या अंथरुणापाशी येऊन उभी राहिली.

"सरू," म्हणाली, "पोरीला लागंल आता."

एवढंच. गाठ सरूबाईनंच सोडली. कुणी ओढून घेतला नाही, आपणच दिला, असं ती स्वतःला उठताबसता समजावायची. देताना तो तिच्या अंगानं ऊन होता.

तेव्हापासून तिचं पोट रिकाम्या पखालीसारखं पुढं लोंबायचं. हंडा उचलला, की ओटीपोटात काहीतरी जागचं सुटून खाली येतंय असं वाटे. मग ती मांड्या आवळून तशीच उभी राही, आणि कुणी बघितलंच तर डोक्यावरची चुंबळ नीट करतेय असं दाखवी. सुलतानबीनं बजावलं होतं, "सव्वा महिना जड उचलू नगंस, सरू. अंग खाली आलं तर जल्मभर चिंधीचा बोळा लावून फिरशील. माझी कासुर्डीची नणंद फिरती तशी." आणि साखरबाईनं काल सांगितलं होतं, "बारसं उरकलं, की परवापासनं बाजरीच्या खुरपणीला चल. गवतानं पीक गिळलंय."

आज बारसं होतं.

लाडवाचा हेवा कुणालाही समजला असता. सरूबाईला हेवा वाटायचा तो दटावण्याचा. उठू नको, वाकू नको, गार पाण्यात हात घालू नको. 'कानाचं फडकं कुठं गेलं?' असं आपल्यावर कुणीतरी डाफरावं, यासाठी तिचे कान तळमळायचे. त्या खोलीत तिला पाऊलही टाकता येत नव्हतं. ताट घेऊन गेली, की साखरबाई उंबऱ्यातच ते हातातून काढून घ्यायची. का, ते बोलायची नाही. ज्या बाईची कूस नुकतीच रिकामी झाली, तिची सावली तान्ह्या लेकरावर पडू नये, हे या घरात सगळ्यांना न सांगता माहीत होतं. नातू झाल्याला बारावा दिवस, आणि आजीनं त्याचं अजून नाक बघितलेलं नव्हतं. रडणं तेवढं ऐकलेलं. तो रडला, की इकडे जात्यापाशी सरूबाईची चोळी भिजायची. मग ती कोपऱ्यात तोंड करून छातीवर फडकं करकचून आवळायची. दुधाला कुणाचं लेकरू कुणाचं नाही ते कळत नव्हतं.

दळण आवरून ती शेणाची पाटी रिकामी करायला गोठ्यामागं गेली, तर तिथं दांडीवर पट्टा. गीताचं न्हाणं झाल्यावर सुलतानबीनं धुऊन टाकलेला. सकाळच्या उन्हानं वाळलाही होता.

सरूबाईनं इकडंतिकडं बघितलं. हात लुगड्याला पुसले. पट्टा ओढून नाकाशी धरला. ओव्याचा वास, शेगडीच्या धुराचा वास, आणि खाली कुठंतरी पोरीच्या अंगाचा गोडूस वास. आपला वास त्यात शोधूनही सापडेना, याचा तिला असा संताप आला, की पुढचं काय करतोय ते कळायच्या आत ती गोठ्यात होती आणि निऱ्या वर करून पट्टा पोटाभोवती गुंडाळत होती. गुंडाळला की घसरायचा. पुन्हा गुंडाळला, पुन्हा घसरला.

"उभ्यानं कुठं बांधत्यात व्हय गं?"

दारात सुलतानबी. तोंडात पान, हातात तेलाची वाटी. आता ही हाका मारणार, म्हातारी येणार...

सुलतानबीनं वाटी गव्हाणीच्या कडेवर ठेवली, बाहेर नजर टाकली आणि दार लोटलं. "नीज."

"आगं, पर..."

"नीज म्हणते ना. बसाया आले न्हाई मी. घाई हाय."

सरूबाई पोत्यावर उताणी झाली. सुलतानबीनं तिच्या कमरेखाली दुसरं पोतं घडी करून सारलं, दोन्ही तळवे ओटीपोटावर ठेवले आणि सगळा लोंबता भार खालून वर, खालून वर, छातीकडे सारत नेला. "सोड श्वास. सोड की, धरून काय ठेवतीस!" मग वेढा खालून घेतला, मग दुसरा, आणि बाजूला घट्ट गाठ. कितीतरी दिवसांनी कुणीतरी आपलं ओझं आपल्या आधी उचललं, असं सरूबाईला वाटलं. तिला रडू फुटलं ते इतकं अवचित आणि इतक्या खालच्या सुरात, की आधी तिला वाटलं गायच हंबरली.

"गप. ईनबाई यायच्या झाल्यात," सुलतानबी म्हणाली. पण तिचा हात गाठीवर जरा जास्तच वेळ राहिला. "पाळणा हुईस्तवर ऱ्हाऊ दे. गडबडीत कुणाच्या ध्यानात येणार न्हाई. मंग टाकू परत दांडीवर."

"आन् कुणी इचारलं तर?"

"मला ठावं न्हाई. तुलाबी ठावं न्हाई."

विहीण आली ती ऊन चढल्यावर. भीमा उतरली होती, होडी सुरू झाली होती. सिंधूबाईबरोबर एक पत्र्याची ट्रंक होती आणि ट्रंकेबरोबर दौंडचा तोरा. नवरा रेल्वेत पॉइंटमन, घरात नळाचं पाणी, शेजारी गार्डाची बायको. दारातच तिनं पायांवर पाणी घेतलं आणि पहिलं वाक्य बोलली, "पोरगी काळवंडली गं बाई माझी. खोलीत केवढा ह्यो धूर!"

"धुरानं काळवंडत न्हाई, धुरानं अंग घट्ट हुतं," साखरबाई म्हणाली. "तुमच्याकडं इंजनाचा धूर असतो, ह्यो ओव्याचा हाय."

बायका खुसखुसल्या. तिथून दोघींचं जे सुरू झालं ते सुपारीच्या खांडापर्यंत. लेकरू कुणासारखं? साखरबाईला नाकात हौसराव दिसला, तर सिंधूबाईला कानात पॉइंटमन. त्या दोघींच्या ओढाताणीत सरूबाई तव्यामागं बसून पुरणपोळ्या लाटत राहिली. पट्ट्यानं तिची पाठ ताठ धरली होती. लाटण्यावर जोर दिला तरी खालून काही सुटत नव्हतं. चोरीचा म्हणून का होईना, आज ती माणसासारखी बसली होती. मधेच तिला पलीकडची कुजबूज ऐकू आली.

"ईनबाई, राग मानू नका," सिंधूबाई आवाज उतरवून म्हणत होती. "पर देवानं एका परीनं बरंच केलं म्हणायचं. आजी आन् आई एकाच महिन्यात म्हंजी... आमच्या आळीत मला तोंड दाखवाया जागा नव्हती."

सरूबाईचं लाटणं थांबलं. आता सासू काहीतरी म्हणेल. व्हय म्हणेल, नाहीतर उसळून न्हाई म्हणेल. पण पलीकडे साखरबाईनं पानाचा डबा खाडकन मिटला आणि एवढंच म्हणाली, "पाळण्याचा वखुत झाला. चला."

पाळणा आढ्याला टांगला होता. लेकराला पाळण्याखालून एकीनं द्यायचं, पलीकडून दुसरीनं घ्यायचं. एका बाजूला आईची आई, दुसऱ्या बाजूला बापाची आई, हे ठरलेलंच. पण साखरबाईनं शेजारच्या अनसाबाईला हात केला. "अनसे, तू ये गं अशी. सरू पोळ्यांवर हाय."

सरूबाई पोळ्यांवर नव्हती. ती मागं दारात उभी होती, हात धुऊन, डोक्यावरचा पदर नीट करून. अनसाबाईनं तिच्याकडे बघितलं आणि पाय पुढं टाकू की नको अशी घुटमळली.

"आत्याच घेतील," बाजेवरून सासूकडे बघत गीता म्हणाली.

"तू गप बस. बाळंतिणीनं बोलू नये."

"आजी, माझ्या लेकराची आजी त्या हायेत. त्याच घेतील." पोरगी काळवंडली होती खरी, पण आवाज तेवढाच ताठ. "न्हाईतर मी देत न्हाई त्याला. बारसं ऱ्हाऊ द्या."

इतक्या बायकांपुढं वाद नको म्हणून साखरबाईनं अनसाबाईला हातानंच मागं थांबवलं. सरूबाई पुढं आली. सकाळपासून मनात जिला शिव्या घातल्या, त्या पोरीनं आपल्यासाठी आजेसासूच्या तोंडाला लागावं, याचं तिला बरं वाटलं की वाईट, ते तिलाच कळेना. हेवा करायलाही माणूस जरा वाईट असावं लागतं. ही पोरगी तेवढीही सोय ठेवत नव्हती.

ती पाळण्याखाली वाकली. पलीकडून सिंधूबाईनं लेकरू सरकवलं. कुणी गोपाळ घ्या, कुणी गोविंद घ्या, बायकांचा गलका झाला. आणि ती ऊबदार, तेलकट, मूठभर वजनाची पोटली सरूबाईच्या हातांत आली. नाक हौसरावाचंच होतं. तिचं मन एकदम बाभळीखाली गेलं. तिचंही नाक असंच होतं का? बघायचं राहूनच गेलं. फडकं फार लवकर गुंडाळलं होतं.

लेकरानं तोंड फिरवलं, तिच्या छातीला नाक घासलं आणि भोकाड पसरलं. सरूबाईच्या चोळीवर ओलं उमटलं, पसरलं, पदरापर्यंत आलं. लेकरू पाळण्यात ठेवताना सगळ्यांनी ते बघितलं, आणि बघितल्याबरोबर सगळ्यांना तुळई, दार, चूल असं काही ना काही बघायचं आठवलं.

"पाणी सांडलं वाटतं अंगावर," सिंधूबाई घाईनं म्हणाली.

"व्हय," सरूबाई म्हणाली, "सांडलं."

गीता मात्र अजून तिच्याकडेच बघत होती. बाजेवर बसल्यावर डोळ्यांसमोर बाईची कंबरच येते. सरूबाई वाकून उठली होती, लुगडं एका बाजूला सरकलं होतं, आणि तिथं एक गाठ दिसत होती. हातभर लांबीवरून गीताला ती न ओळखायला काय झालं? इतके दिवस तिनंच ती वागवली होती. सरूबाईनं चटकन पदर खाली ओढला. दोघींची नजरानजर झाली. गीतानं नजर लेकराकडे वळवली.

साखरबाईनं लेकराच्या एका कानात भैरू म्हटलं, सिंधूबाईनं दुसऱ्या कानात प्रकाश. घुगऱ्या वाटल्या. इथवर सगळं निभावलं होतं. सरूबाई हळूच मागच्या दाराकडे निघाली, की गोठ्यात जावं, गाठ सोडावी, दांडीवर टाकावं. तेवढ्यात सिंधूबाईनं ट्रंक उघडली, आणि दारात बायकांची भिंत झाली.

कुंची निघाली, अंगडी-टोपडी निघाली, ग्राईप वॉटरची बाटली निघाली, गरम पाण्याची रबरी पिशवी निघाली. शेवटी तळातून तिनं जाड पांढऱ्या कापडाचं काहीतरी काढलं आणि दोन्ही हातांनी ताणून धरलं. ओळीनं आकड्या लावलेल्या.

"ह्यो पोटाचा पट्टा. गार्डाच्या बायकोनं पुण्यासनं आणवला हुता. तिचं पोट बघाल तर, तीन लेकरं झाली म्हणून कुणी म्हणायचं न्हाई. मी ह्यास्नी म्हणलं, गीतीलाबी पायजे."

पट्टा हातोहात फिरला. अनसाबाई म्हणाली, "घोड्याचा तंग असतो, त्यातलाच की गं ह्यो." हशा झाला, पण ती त्याच्या आकड्या कौतुकानं चाचपतच होती. साखरबाईचं तोंड उतरलं. इतक्या वर्षांचं तिचं अंजिरी लुगडं, आणि एका घोड्याच्या तंगापुढं आज ते चिंधी ठरत होतं.

"आमच्या घरात असलं लागत न्हाई," ती म्हणाली. "आमचा पट्टा येगळा. जरा बघाच ईनबाई, पोट कसं बांधत्यात ते. माझ्या हातानं बांधून दावते. सरू, पट्टा आण गं दांडीवरचा."

सरूबाईनं पदर कमरेवर आणखी ओढून घेतला.

"सरू! बहिरी झालीस का?"

अनसाबाईच उठून गेली आणि हात हलवत परत आली. "दांडीवर काय न्हाई."

मग शोधाशोध. बाजेखाली, फडताळात, धुण्याच्या ढिगात. साखरबाईच्या कपाळावर घाम आला. विहिणीसमोर, नेमक्या याच घटकेला! सिंधूबाई तंगाची घडी घालता घालता हसत म्हणाली, "जुनं लुगडंच ना ते? गेलं आसंल कुणाच्या हाताबरोबर. बारशाला सुईणीला लुगडं द्यायचंच असतं की. तिनं आधीच घेतलं आसंल."

हसत म्हणाली, पण हसलं कुणी नाही. सुलतानबी ओट्याच्या कडेला बसली होती, तिच्या मानाचं सूप मांडीवर, गाठोडं शेजारी.

"सुलतान," साखरबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच नको असल्यासारखा होता. "सकाळी पट्टा तू धुतलास."

"धुतला."

"टाकलास कुठं?"

"गोठ्यामागं. दांडीवर."

"मंग?"

सुलतानबीनं सरूबाईकडे बघितलंसुद्धा नाही. "मला ठावं न्हाई."

"आजी, जाऊ द्या की," गीता मधेच म्हणाली. "मीच... मीच कुठंतरी ठिवला आसंल."

"तू? तू बाजंवरनं उठलीस कवा?"

गीता नखानं बाजेचा सुंभ उकरायला लागली.

"एवढं हाय तर त्या गाठोड्यात बघून टाका," सिंधूबाई म्हणाली. "त्यात लाजायचं काय? नसंल तर नसंल."

सरूबाईला वाटलं, आता साखरबाई विहिणीला गप करेल. हौसरावाला या जगात घेतलं ते सुलतानबीच्या सासूनं, लालबीनं. आनंदराव सुलतानबीच्या हातात जन्मला, गीताचं लेकरूही. पण साखरबाईची नजर गाठोड्यावर गेली. तिच्या एका बाजूला दौंडचा तंग होता आणि दुसऱ्या बाजूला तिचं हरवलेलं लुगडं, आणि मधे तिला सुलतानबी दिसत नव्हती.

सरूबाईला अजून वेळ होता. शोधाशोधीत दारातली गर्दी पांगली होती. मागच्या दारानं सटकायचं, एक गाठ सोडायची, पट्टा कुंपणावर फेकायचा, आणि वाऱ्यानं गेला होता म्हणत घेऊन यायचं. किती सोपं! सगळ्या हसतील, सुलतानबीला कुणीतरी पान देईल, पट्टा गीताच्या पोटाला जाईल. आणि उद्या सकाळी ती खुरपं घेऊन उकिडवी बसेल, खालचं सगळं सुटत असताना, मांड्या आवळून. जन्मभर. तिनं पदराखालून हात नेला. बोटांना गाठ लागली. गाठीमागं पोट उचलून धरलेलं होतं, जागच्या जागी, जणू कुणी दोन्ही तळवे अजून काढलेच नव्हते.

सुलतानबीनं सूप खाली ठेवलं. गाठोडं पुढं ओढलं.

"बघा," ती म्हणाली. "लालबीच्या वक्तापासनं आमी ह्या घरात येतोय. रातीबेराती, पावसापान्याचं. कवा कुणी आमचं गाठोडं बघितलं न्हाई. आज बघा." तिची बोटं गाठीवर गेली.

"सोडू नको गाठ, सुलतानबी."

सगळ्या वळल्या. सरूबाई दाराला पाठ लावून उभी होती.

"पट्टा तिच्याकडं न्हाई," ती म्हणाली. "माझ्या पोटाला हाय."

सगळ्यांच्या नजरा तिच्या कमरेवर गेल्या.

"तुझ्या?" साखरबाई म्हणाली. "तुझ्या पोटाला? तुला गं कशाला..."

"मला कशाला?" सरूबाईनं चोळीवरचा ओला पदर बाजूला केला, ओल लपवली नाही. "आत्याबाई, ह्याच आखाडात मला लेक झाली. मेली, पर झाली हुती. मी बी बाळंतीण हाय."